पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म

विष्णुपुरीस राहावयास आल्यापासून संध्याकाळीं गोदावरीवरील बंधाऱ्याच्या बाजूस फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका संध्याकाळीं आमची एक जुनी विद्यार्थिनी, जी आज स्वतः शिक्षिका आहे, आपल्या यजमानांसह मुद्दाम भेटावयास आली. तिचें वजन फार वाढलें होतें. मधुमेह जडला होता. रात्रीं झोपेंत श्वास अडखळत होता. डॉक्टरांच्या सल्ल्यानें मोठ्या शहरीं जाऊन जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, असें उभयतांनीं ठरविलें होतें. "सर, घरीं सासूबाईंना सांगावें कीं नको?" एवढाच तिचा प्रश्न होता. आम्ही फारसा विचार न करतां बोलून गेलों, "चार लोकांत बोभाटा कशाला? पित्ताशयांतले खडे काढले म्हणावें." हा सल्ला चुकीचा होता हें आम्हांस पुढें कळलें, आणि तो कां चुकीचा होता, हें ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचूं लागल्यावर उमगलें. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

स्थूलपणाचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, एकविसाव्या अध्यायांत, निंदित म्हणून गणलेल्या आठ प्रकारच्या पुरुषांत अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोहोंचा समावेश आहे. आणि दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असा स्पष्ट निर्वाळा तेथें दिला आहे. सुश्रुतानें तर चिकित्सेचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग पाडले. ह्यावरून आपल्या पूर्वजांस जठर लहान करण्याची कला अवगत होती असें म्हणण्याची हौस कोणी करूं नये. ती त्यांस अवगत नव्हती. परंतु शस्त्र चालविणें हा मधला एक भाग असून त्याच्या अलीकडे व पलीकडे तितकेंच महत्त्वाचें कार्य असतें, ही सुश्रुताची दृष्टि आधुनिक शस्त्रवैद्यांस ह्या एका रोगाच्या बाबतींत पुन्हां नव्यानें, आणि पुष्कळ हानि सोसून, शिकावी लागली.

ह्या शिक्षणाचा एक धडा आमच्याच प्रदेशाच्या जुन्या राजधानींत गिरविला गेला. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. भूल दिलेला रोगी क्लोरोफॉर्मनें कसा दगावतो, ह्याचा शोध घेण्यासाठीं हैदराबादेस तेथील रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं दोन मंडळें बसलीं. दुसऱ्या मंडळासाठीं निजाम सरकारनें एक हजार पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन ह्या तज्ज्ञास आणविलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला तो असा कीं, आधीं श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून नाडीपेक्षां श्वासाकडे लक्ष ठेवावें. क्लोरोफॉर्मनें हृदयहि एकाएकीं बंद पडूं शकतें, हें पुढें १९११ सालीं लेव्ही ह्यानें दाखवून दिलें, आणि हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला. तरी श्वासावर पाळत ठेवण्याचा त्यांतील आग्रह स्थूल रोग्याच्या बाबतींत आजहि खरा आहे. गळ्याभोंवतीं व पोटावर मेद साठला कीं भूल देणें अवघड होतें. म्हणूनच झोपेंतील श्वासाची तपासणी, दीर्घ श्वासाचे व्यायाम, आणि तंबाखू, विडी, मिश्री ह्यांचा कांहीं आठवडे आधींपासून पूर्ण त्याग, ह्यांस पूर्वकर्मांत स्थान मिळालें आहे.

केवळ वजन उतरविण्यासाठीं पोटावर शस्त्र चालविण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या मध्याची. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर प्रभृति शस्त्रवैद्यांनीं लहान आतड्याचा बराच भाग वगळून अन्न जवळच्या वाटेनें पुढें नेण्याची पद्धति प्रसिद्ध केली. अन्न शोषलेंच गेलें नाहीं तर अंगीं लागणार नाहीं, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. वजनें उतरलीं; पण मागाहून अतिसार, मुतखडे, सांधेदुखी हीं दुखणीं आलीं, आणि कित्येकांचें यकृत निकामी झालें. १९८० च्या सुमारास ही पद्धति मागें पडली, आणि अनेक रोग्यांचीं आतडीं पुन्हां पूर्ववत् जोडावीं लागलीं. प्रधानकर्म यशस्वी झालें होतें. पश्चात्कर्माचा विचार कोणी पुरता केला नव्हता.

त्याच सुमारास आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन ह्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा भाग कापून काढला होता, त्या स्त्रियांचें वजन उतरे व पुन्हां सहसा वाढत नसे. त्यावरून त्यांनीं चिकाशी इतो ह्यांच्या साहाय्यानें १९६६ सालीं जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा काढून तो आतड्यास जोडला. हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीनें, लहान छिद्रांतून करतां येते, असें विटग्रोव्ह व क्लार्क ह्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलें. आज अधिक प्रचारांत असलेल्या शस्त्रक्रियेंत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी नळी करतात. तिचा उगम मोठा मौजेचा आहे. अतिशय जड रोग्यास मोठी शस्त्रक्रिया एकदम सोसणार नाहीं, म्हणून पहिला टप्पा तेवढा आधीं करावा, वजन उतरल्यावर दुसरा, अशी योजना होती. कित्येकांस दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाहीं. पूर्वकर्म म्हणून योजिलेलें कर्मच असें प्रधानकर्म ठरलें.

पूर्वतयारी म्हणजे काय, ह्याचें ठळक उदाहरण २०१७ सालीं मुंबईनें पाहिलें. इजिप्तमधील इमान अहमद ह्या स्त्रीस, जिचें वजन सुमारें पांचशें किलो असल्याचें सांगण्यांत आलें, फेब्रुवारींत विमानानें सैफी रुग्णालयांत आणण्यांत आलें. शस्त्र चाललें तें ७ मार्च रोजीं; तोंपर्यंतचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस द्रवाहार व अंग हलविण्याचे व्यायाम ह्यांत गेले. मे महिन्यांत तिला अबू धाबीस हलविण्यांत आलें, आणि सप्टेंबरांत तेथेंच तिचा अंत झाला. तिचें दुखणें असाधारण होतें. पण आधींच्या द्रवाहाराचें तत्त्व सर्वांस सारखें आहे. स्थूल माणसाच्या यकृतांतहि मेद सांचलेला असतो, आणि त्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दोन आठवडे अल्पाहार केला कीं यकृत लहान होतें व शस्त्रवैद्यास वाट मोकळी मिळते. ज्या घरांत हें सांगितलेलें नसतें, तेथें "दवाखान्यांत जावयाचें, नीट खाऊन घे" म्हणून रोग्यास आग्रहानें जेवूं घालतात.

पश्चात्कर्म त्याहून दीर्घ. पायांत रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं चालावयास लावतात. आहार निवळ पाण्यापासून सुरू होऊन दाट पेयें, मऊ कालविलेलें अन्न, असा सहा-आठ आठवड्यांत नेहमींच्या जेवणावर येतो. आमच्याकडील वरणाचें पाणी, ताक, मुगाचें कढण, मग मऊ खिचडी, हा क्रम त्यास चांगला जुळतो. आयुर्वेदांत शोधनानंतर पेया, विलेपी, यूष असा जो संसर्जनक्रम सांगितला आहे, त्याची येथें आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. मात्र तो थोड्या दिवसांचा, हा जन्माचा. घास लहान, चावणें पुष्कळ, जेवतांना पाणी नाहीं; रोज साठ ग्रॅम किंवा अधिक प्रथिनें; आणि जीवनसत्त्व बारा, लोह, कॅल्शियम ह्यांच्या गोळ्या जन्मभर. जठर लहान झाल्यामुळें हीं द्रव्यें अन्नांतून पुरेशीं मिळत नाहींत. उलट्या चालूच राहिल्यास थायमिन कमी पडून मेंदूसहि इजा होऊं शकते. पहिल्या कांहीं महिन्यांत केस गळतात; दीड वर्षपर्यंत गर्भधारणा टाळावी लागते.

एवढें करून लाभ काय? स्वीडनमध्यें १९८७ पासून अशा दोन हजारांहून अधिक रोग्यांची, तितक्याच शस्त्रक्रिया न केलेल्यांशीं तुलना चालू ठेवली गेली. शस्त्रक्रिया केलेल्यांतील मृत्यूचें प्रमाण सुमारें २९ टक्क्यांनीं कमी आढळल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. लाभ खरा आहे. आणि ज्यांस तो हवा असतो ते आळशी वा हावरे असतात, ही समजूत खोटी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन ह्यांचें एक छायाचित्र २००४ सालीं लॅन्सेट नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण शरीरांतील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. आपल्या शरीराची घडणच निराळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यांत अंगावर मांस असणें हें खात्यापित्या घराचें लक्षण मानलें गेलें. आज त्याच अंगाची थट्टा होते. दोहोंकडून सोसावें लागतें तें रोग्यास.

आमच्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें तें सांगतों. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मधुमेहाचीं औषधें जवळजवळ सुटलीं. पण घरांत कोणास ठाऊक नाहीं! सणावारीं पानांत पुरणपोळी पडे आणि नाहीं म्हणतां येत नसे. खाल्लें कीं उलटी. रोजच्या गोळ्या कशाच्या, असें कोणी विचारूं नये म्हणून तिनें त्या आधीं लपविल्या आणि मग सोडल्या. दीड-दोन वर्षांनीं पायांस मुंग्या येऊं लागल्या, चालतांना तोल जाऊं लागला. वेळेवर निदान होऊन इंजेक्शनें सुरू झालीं म्हणून बरें. मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहींत.

विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयें असलेल्या ह्या विष्णुपुरींत राहणाऱ्या आमच्यासारख्या शिकलेल्या माणसानें तिला लपवावयास सांगितलें. प्रधानकर्म शस्त्रवैद्य एकटा करूं शकतो. पूर्वकर्म व पश्चात्कर्म घराच्या स्वयंपाकघरांत घडतें, आणि तें घरापासून लपवून होत नाहीं. शेवटीं तिनें सासूबाईंस सर्व सांगितलें. त्या आधीं रागावल्या, त्या पैशासाठीं नव्हे, तर सांगितलें नाहीं म्हणून. आतां पंगत बसली कीं सुनेपुढें ताटाऐवजीं लहान वाटी त्याच ठेवतात, आणि जेवण झाल्यावर गोळीची आठवणहि त्याच करतात.