बरबड्याची भाकरी

बरबडा हे आमच्या काळ्या रानातलं तण. पावसाळ्यात आपोआप उगवतं, जमिनीलगत पसरतं, बारीक शेंगा धरतं आणि त्या शेंगांत बी असतं एखाददुसरंच. बऱ्या सालात ते खुरपून बांधावर फेकायचं, एवढाच त्याचा नि माणसाचा संबंध. 1972 साली ज्वारी कणसात आलीच नाही, पण बरबडा आला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या वर्षी त्याची भाकरी झाली.

तेव्हा मी शाळेत जात होते, म्हणून ती कशी व्हायची ते नीट आठवतं. आई आणि शेजारच्या बाया उन्हाच्या आत रानात जायच्या. वाळलेली झाडं उपटून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून आणायच्या आणि अंगणात काठीनं बडवायच्या. मग सूप. बी इतकं बारीक, की पाखडताना भुसा उडाला तरी माती बियांबरोबरच राहायची. म्हणून आई ते पाण्यात रोळायची. हाताच्या एका लयीत पाणी फिरवायचं, बी वर आलं की अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तळाशी खर राहते ती टाकून द्यायची. हे पाच-सहा वेळा. पाणीही लांबून आणलेलं, त्यामुळे तेच पाणी निवळू देऊन परत वापरायचं. वाळवून जात्यावर दळलं की काळपट पीठ पडे. ते नुसतं थापलं तर परातीतच तुटे. त्यात मूठभर ज्वारीचं पीठ आणि आधणाचं पाणी घालून मळलं, तर भाकरी उचलता येई. चव तुरट, गिळताना घशाला लागणारी. आई पहिला तुकडा स्वतः खायची आणि थोडा वेळ थांबायची. मगच आम्हाला वाढायची.

विचित्र खाणं म्हटलं की लोक साप, टोळ, बेडूक यांच्याकडे वळतात. आपल्या मुलखातल्या विचित्र खाण्याचा इतिहास लिहायचा तर मला वाटतं तो दुष्काळातल्या चुलींपासून लिहावा. तिथे माणसं कशाचं अन्न करत होती आणि त्यामागे किती कसब होतं, हे दोन्ही दिसतं.

सतराव्या शतकाचंच बघा. 1630 ते 1632 या काळात दख्खन आणि गुजरात होरपळले. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की बाजारात बकऱ्याच्या नावावर कुत्र्याचं मांस विकलं जाई आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळत. तुकोबांच्या घरावरही याच दुष्काळानं घाव घातला. त्यांची पहिली बायको त्यातच गेली.

इंग्रजी अमलात खाण्याच्या नोंदी वाढल्या. मूळचे गोव्याचे डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ मुंबईत डॉक्टरकी करत आणि वनस्पती अभ्यासत. मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक 1886 मध्ये आलं. त्यात टंचाईच्या काळात लोक कोणती पानं, कंद, बिया खातात त्याची यादी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले आणि 1902 मध्ये गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञानं खास याच विषयावर टिपण छापलं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण यादीत नाव येण्याआधी ते खाण्याजोगं करणाऱ्यांचं कसब असतं. डोंगरातला कडू कंद घ्या. तसाच खाल्ला तर तोंड आणि घसा जाळतो, जास्त खाल्ला तर विषच. कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून उकळतात, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात आणि मग शिजवतात. हे कुणी आणि किती जीव धोक्यात घालून शोधलं असेल! कळकाचं, म्हणजे बांबूचं, बीही असंच खाल्लं जाई; पण त्याला बहर येतो तो कित्येक वर्षांतून एकदाच. 1864 मध्ये कारवारकडच्या सुपे भागात जंगलभर बांबू फुलला, तेव्हा धारवाड-बेळगावाकडून अंदाजे पन्नास हजार माणसं बी गोळा करायला आली. दहा-पंधरा दिवस राहून पावसाळ्यापुरतं धान्य घेऊन गेली.

सरकार काय खायला देई, तोही याच इतिहासाचा भाग. 1877 मध्ये इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात हजारोंनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली.

गावकुसाबाहेर मात्र दुष्काळ नसतानाही दुष्काळाचंच खाणं होतं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त त्यांची आजी शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी स्वतः खाते. ज्या खळ्यावर बैल ते दाणे खात, तिथलं धान्य त्या म्हातारीच्या वाट्याला येत नव्हतं. आमच्या घरी बरबडा एका वर्षापुरता आला. असली भाकरी तिच्या घराला पिढ्यान् पिढ्या पुरली, आणि आमच्या वाड्यातल्या बाया त्याला कधी दुष्काळ म्हणाल्या नाहीत. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

बहात्तरच्या शेवटाला रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी तांबडी, जाड आणि गार झाली की चामड्यासारखी. म्हातारी माणसं ती पाण्यात भिजवून खात. दुष्काळी कामावर पोरांना सुकडी मिळे, गुळमट पिठाची. ती घेण्यासाठी आम्ही खडीच्या ढिगामागे रांग धरायचो. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध झाले, आणि कामाचा हक्क मागणारा वि. स. पागे यांचा विचार पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मिलोला आम्ही नावं ठेवली ती ठेवलीच, पण तो घरात आल्यावर आईनं बरबड्याचं धडपं धुऊन वलणीवर वाळत घातलं आणि पुन्हा रानात गेली नाही.