चालावं की धावावं? हृदयरोग्याच्या व्यायामाची कथा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. हार्ट अटॅक येऊन गेल्यावर रोज पाऊण तास एका चालीनं चालावं, की चार मिनिटं जोर लावायचा आणि तीन मिनिटं दम घ्यायचा, असं करावं? मी डॉक्टर नाही. पायदळात होतो, पीटी परेड करण्यात आणि करून घेण्यात उमेद गेली, आणि आज माझ्याही छातीत एक स्टेंट आहे. तेव्हा औषधपाण्याचं काही सांगणार नाही. हा वाद आला कुठून, तेवढं सांगतो.

विल्यम हेबर्डन नावाचे इंग्लंडमधले डॉक्टर होते. छातीतल्या या दुखण्याला 'अँजायना' हे नाव त्यांनीच दिलं. १८०२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक निघालं. त्यात एका रुग्णाची नोंद आहे. हा गडी रोज अर्धा तास करवतीनं लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. एवढीच नोंद. ती वाचून कोणी पुढे काही केलं असतं, तर शंभर-सव्वाशे वर्षं वाचली असती.

झालं उलटंच. १९३९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनातून दाखवलं की हृदयाच्या स्नायूवरची जखम भरायला सुमारे सहा आठवडे लागतात. निरीक्षण बरोबर होतं. त्यावरून निघालेला हुकूम मात्र असा, की सहा आठवडे अंथरुणातून हलायचं नाही. काही ठिकाणी रुग्णाला स्वतःच्या हातानं जेवूही देत नसत. पडून पडून पायांत रक्ताच्या गाठी व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या, आणि माणूस हृदयानं नाही तर अंथरुणानं मरायचा. १९५२ साली लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना खाटेवरून उचलून चक्क आरामखुर्चीत बसवलं आणि त्याबद्दल लिहिलं. तेव्हा खुर्चीत बसवणं हेसुद्धा धाडस होतं.

मग एका सेनापतीमुळे चित्र पालटलं, हे मला फौजी म्हणून सांगायला आवडतं. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जनरल आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. आदल्याच दिवशी ते गोल्फ खेळून आले होते. त्यांच्यावर देखरेख करायला बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट आले. १९३९च्या त्या सहा आठवड्यांच्या निबंधावर यांचंही नाव आहे! पण स्वतः सायकल चालवणाऱ्या व्हाइट साहेबांचं मत तोवर बदललं होतं. जनरलना लष्करी रुग्णालयातच खुर्चीत बसवलं, चालवलं. पुढे ते परत गोल्फच्या मैदानावर गेले आणि १९५६ची निवडणूकही जिंकले. पत्रकारांना रोजची माहिती मिळत होती, त्यामुळे घराघरात पोचलं की अटॅकनंतर माणूस कामाला लागू शकतो.

याच सुमारास, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीतून हिंडलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांवर एक प्रयोग झाला. वीस वर्षांची धडधाकट पोरं, तीन आठवडे अंथरुणात. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वाढत्या वयानं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा तरुणपणी तीन आठवड्यांच्या खाटेनं जास्त केलं होतं.

हे आकडे मी आमच्या येलहंक्यातल्या एका निवृत्त हवालदारांना सांगितले. सातारा जिल्ह्यातले, इथे मुलाकडे राहतात. स्टेंट टाकून घरी आल्यावर सुनेनं बादली उचलायला बंदी केली, मुलानं जिना बंद केला. रुग्णालयाच्या कागदावर 'हलका व्यायाम करावा' एवढी अर्धी ओळ. मला म्हणाले, "साहेब, अटॅकनं नाही मारलं, या बसण्यानं मारणार." सून बिचारी काळजीपोटीच करते, तिला दोष देऊ नका. पण १९३९चं ते अंथरुण आजही आपल्या घरांमध्ये असं पसरलेलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, चाल कोणती? दोन्ही पद्धतींचा उगम मैदानातला आणि फौजेतला आहे. येलहंका म्हणजे हवाई दलाचा तळ, आणि 'एरोबिक्स' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी, १९६८च्या पुस्तकातून. बारा मिनिटांत किती धावता किंवा दीड मैलाला किती वेळ लागतो, हे त्यांचं माप. दीड मैल म्हणजे २.४ किलोमीटर. आपल्या पीपीटीतलं अंतर आठवून कित्येकांच्या पोटऱ्या आत्ताही दुखल्या असतील. लांब पल्ला, एकसारखी चाल, दम न तुटता. हृदयरोग्यांच्या पुनर्वसनातही अनेक वर्षं हीच पद्धत मुख्य राहिली.

दुसरी पद्धत जर्मनीतली. फ्रायबुर्गला वोल्डेमार गेर्श्लर हे प्रशिक्षक आणि हान्स राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ. धावपटूला पळवून नाडी १८० पर्यंत न्यायची, मग ती १२० वर येईस्तोवर थांबायचं, पुन्हा पळवायचं. त्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग यानं १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. पुढे १९४४ मध्ये तो पूर्व आघाडीवर मारला गेला. एवढं हृदय कमावलेला माणूस, आणि गेला लढाईत. असो.

गंमत बघा, या पद्धतीच्या पाळण्यातच हृदयरोगतज्ज्ञ होता, तरी ती आजारी हृदयांपर्यंत पोचायला कित्येक दशकं लागली. १९९०च्या दशकात जर्मनीत हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना सायकलवर असे छोटे तुकडे दिले गेले. खरा गाजावाजा झाला तो २००७ साली, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममधून. सरासरी पंचाहत्तरीच्या, हृदय कमजोर झालेल्या २७ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला ट्रेडमिलवर चढाची चाल, चार मिनिटांचे चार तुकडे, नाडी कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के. दुसऱ्याला एकसारखी मध्यम चाल. तिसऱ्याला नेहमीचा सल्ला. बारा आठवड्यांनी ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पहिल्या गटात ४६ टक्के वाढली, दुसऱ्यात १४. लोक थक्क झाले. पण मंडळी, एका गटात माणसं किती? नऊ. नऊ माणसांचं एक सेक्शनसुद्धा धड होत नाही आमच्याकडे.

मग मोठी पलटण उतरवली. बेल्जियममध्ये २०० रुग्ण, निकाल २०१५ साली: तुकड्यांनी २२.७ टक्के वाढ, सलग व्यायामानं २०.३. म्हणजे बरोबरीच. २०१७ साली युरोपातल्या नऊ केंद्रांच्या चाचणीचा निकाल आला, २६१ रुग्णांची, हृदय कमजोर असलेल्यांची. फरक नाही. पण त्यातली एक नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. जोराच्या गटातले निम्मे रुग्ण ठरवलेल्या जोरापेक्षा खालीच राहिले, आणि मध्यम गटातले ८० टक्के ठरवल्यापेक्षा वर गेले. रूट मार्च घेतलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे माहीत आहे. हुकूम काहीही असो, कॉलम आपली चाल स्वतः शोधतो.

धोक्याचं काय? नॉर्वेतल्या तीन केंद्रांनी ४८४६ रुग्णांचा हिशेब २०१२ साली मांडला. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडण्याची एक घटना, आणि तो रुग्ण गेला. जोराच्या ४६,३६४ तासांत दोन, दोघंही वाचले. जोरात धोका थोडा जास्त दिसतो, पण आकडे इतके छोटे की त्यावर पैज लावू नये. आणि हे सगळं देखरेखीखाली, यंत्रं जवळ असताना. मोबाइलवर बघून घराच्या गच्चीत चार-चार मिनिटं सुरू करणं वेगळं.

आपल्याकडचं सांगायचं तर, भारतातल्या २४ रुग्णालयांत ३९५९ रुग्णांवर 'योग-केअर' ही चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. योगावर बेतलेलं पुनर्वसन घेतलेल्यांमध्ये पुन्हा झटका वा मृत्यू यांचं प्रमाण लक्षणीय कमी झालं असं सिद्ध झालं नाही. पण त्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त परतले. योगाच्या भक्तांना हे थोडं वाटेल. मला थोडं वाटत नाही. शेतावर, दुकानावर परत जाणं हे त्या माणसासाठी सगळंच असतं. ट्रेडमिल आणि मॉनिटर असलेली केंद्रं आपल्या देशात मोजकीच, सतरंजी मात्र तालुक्यालाही मिळते.

माझा कल विचाराल तर सांगतो. आधी आपल्या डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट करून घ्या. '२२० वजा वय' या सूत्रावर नाडी ठरवू नका, कारण आपल्यापैकी बरेच जण बीटा-ब्लॉकर घेतात आणि त्यानं नाडी मुळातच दबलेली असते. त्यापेक्षा स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी बरी. श्रम किती वाटतात ते स्वतःच सांगायचं. १२-१३ म्हणजे घाम येतोय पण बोलता येतंय. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

हवालदार साहेबांची टेस्ट झाली. डॉक्टरांनी सुनेला समोर बसवून समजावलं. आता ते सकाळी येलहंका तलावावर येतात, सपाटीला माझ्याबरोबर आणि चढाला माझ्या पुढे. तिथून जाताना माझ्याकडे मागे वळून बघतात, तेवढं मात्र मला आवडत नाही.

पुढच्या भागात लोणावळ्याला जाऊ. १९२४ साली कैवल्यधाम उभं करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी आसनं करणाऱ्यांचा रक्तदाब यंत्रानं मोजायला घेतला होता, त्याबद्दल बोलू.