अडुसष्ट बाय पंचाहत्तर

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे त्याची धाव, ७५ मिलिमीटर. हिशेब केला की १०८९ घनसेंटिमीटर येतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९७२ साली आपल्या कायमच्या संग्रहात पहिल्यांदा एक मोटारगाडी घेतली, ती इटालियन सिसितालिया २०२. पिनिन फारिनाच्या कारखान्यात अंग घडलेल्या या स्पोर्ट्स कारचे बॉनेट उघडले तर तेथेही चार सिलिंडर, ६८ बाय ७५, १०८९ घनसेंटिमीटर. हा योगायोग नाही. दोन्ही इंजिने एकाच घरची आहेत.

ते घर तुरिनचे. फियाटने १९३७ साली ५०८ सी ही गाडी बाजारात आणली. तिच्या रचनेत दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याचा हात मोठा होता. इंजिन ३२ अश्वशक्तीचे, साधे आणि सोसणारे. युद्धानंतर हीच गाडी ११०० या नावाने चालत राहिली. १९५३ साली ११००/१०३ आली तेव्हा वेगळी चासी गेली आणि सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा झाला. त्यावरून काही जण पद्मिनीचे कूळ १९५३ पासूनच मोजतात. पत्र्यापुरते ते बरोबर आहे. इंजिन मात्र सुधारून-सुधारून जुनेच ठेवलेले होते, आणि कुळाचा दाखला द्यायचा तर तो इंजिनाचाच द्यायला हवा.

या घराण्याशी फेरारीचे नाव जोडण्याची हौस अनेकांना असते. तिला आधारही आहे. अल्फा रोमेओ सोडताना एन्झो फेरारीवर अट होती, की चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही. म्हणून १९४० साली मोदेनात तयार झालेल्या त्याच्या पहिल्या गाडीवर फेरारी हे नावच नव्हते. ती ‘आउतो आव्हिओ कॉस्त्रुझिओनी ८१५’, म्हणजे आठ सिलिंडर, दीड लिटर. आल्बेर्तो मास्सिमिनो या अभियंत्याने ती ५०८ सीच्या सामानातून उभी केली. फियाटची दोन सिलिंडर-हेड्स एकापुढे एक ठेवून एका रांगेत आठ सिलिंडर बसवले, खालचा ब्लॉक मात्र नवा ओतून घेतला. अशा दोनच गाड्या झाल्या. २८ एप्रिल १९४० रोजी ब्रेशियाच्या शर्यतीत एक आल्बेर्तो आस्कारीने चालवली, दुसरी लोतारिओ रांगोनी माकियावेल्ली या सरदाराने. शेवटपर्यंत दोन्हींपैकी एकही पोचली नाही.

त्यांच्या मालकीची कहाणी शर्यतीपेक्षा लांबली. रांगोनी युद्धकाळात मरण पावला, गाडी भावाकडे आली आणि अखेर भंगारात संपली. आस्कारीची गाडी एन्रिको बेल्त्राक्किनीने घेतली, १९४७ साली शर्यतीत उतरवली, एका संग्रहालयाला विकली आणि पुन्हा स्वतःच विकत घेतली. विकलेली वस्तू परत घ्यायला निघणाऱ्या माणसाचा जीव तिच्यात किती अडकला असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही. त्याच्याकडून ती मारिओ रिघिनीच्या संग्रहात, मोदेनाजवळच्या पांझानो गढीत पोचली. जोडीदारीण उरलेली नसल्यामुळे तिच्यातला कोणता भाग अस्सल, हे ताडून पाहायला दुसरी गाडी नाही. अशी गाडी दुरुस्त करणाऱ्याला जुन्या छायाचित्रांवरच भिस्त ठेवावी लागते.

तरीही पद्मिनीचे नाते ८१५ शी जुळवणे ताणल्यासारखे वाटते. अडचण आकड्यांची आहे. ८१५ चा बोअर ६३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६०. म्हणजे मास्सिमिनोने हेड्स घेतली, पण फियाटच्या इंजिनाची चालच बदलली. पिस्टन जितके कमी अंतर धावतो तितके इंजिनाला जास्त फेरे घेता येतात. शर्यतीला हेच हवे असते. ६८ बाय ७५ मध्ये स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा आहे. असे इंजिन फेरे कमी घेते, पण खालच्या वेगातही नेट धरून ओढते. तेव्हा ८१५ ही पद्मिनीची फार तर चुलत बहीण.

सख्खी बहीण सिसितालिया. फुटबॉल खेळून पुढे उद्योगात शिरलेल्या पिएरो दुसिओने युद्ध संपता संपता जाकोसालाच गाठले आणि फियाटच्या सुट्या भागांतून छोटी रेसिंग कार आखून घेतली. ती डी ४६. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिनच्या व्हालेंतिनो बागेतल्या शर्यतीत ती पहिल्यांदा धावली आणि जिंकला खुद्द दुसिओ. त्याच शर्यतीत ताझिओ नुव्होलारी या शर्यतवीराच्या हातात गाडीचे स्टिअरिंग निखळून आले. पुढच्या वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत नुव्होलारी २०२ घेऊन दुसरा आला; पुढे होती ती बिओन्देत्तीची जवळपास तिप्पट मोठ्या इंजिनाची अल्फा. सिसितालियाने बोअर-स्ट्रोकला हात लावला नाही. कॉम्प्रेशन वाढवून, कार्बुरेटर बदलून त्याच इंजिनातून सुमारे ५५ अश्वशक्ती काढली. पद्मिनीला चाळीसच्या आसपास पुरत. पुढे दुसिओने पोर्शेकडून ग्राँ प्रीची गाडी बनवून घेण्याचा घाट घातला, त्यात तो कर्जात बुडाला आणि अर्जेंटिनाला गेला.

या इंजिनाच्या कहाणीतला मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पन्नाशीच्या दशकात तेथे फियाट ११०० जुळू लागली, १९६४ साली ‘डिलाइट’ आली आणि फियाटशी करार संपल्यावर १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून विकली गेली. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

या टप्प्यात एक गोष्ट चमत्कारिक घडली. इटलीतल्या ११०० डी ला फियाटने १२२१ घनसेंटिमीटरचे मोठे इंजिन दिले होते. कुर्ल्याच्या डिलाइटला अंग नव्या डी चे मिळाले, पण इंजिन १०८९ चेच राहिले. कारण बहुधा कारखान्याच्या यंत्रांतच होते: सिलिंडर, पिस्टन, क्रँक कापण्याची यंत्रे जुन्या मापाची होती, आणि परकीय चलनाच्या टंचाईत नवी आणणार कशी? कारण काही असो, ६८ बाय ७५ हे माप भारतात २००० सालाच्या सुमारापर्यंत टिकले. इटलीतली ११०० त्याच्या तीन दशके आधीच बंद झाली होती.

या मापाचा गुण मराठवाड्यात दिसे. बीडहून पालीवरून बालाघाट चढून मांजरसुंब्याला यायचे, मग सोलापूरकडे किंवा अंबाजोगाईकडे वळायचे, तर डॉक्टर-वकिलांच्या फियाटला मागे कुटुंब आणि डिकीत सामान घेऊन तो घाट काढावा लागे. दुसऱ्या गिअरवर, फेरे न वाढवता, ती निमूट चढे. रेडिएटर तापला तर थांबून पाणी ओतायचे. लांब स्ट्रोकचा खरा उपयोग अशा वाटेवरच.

आता पद्मिनी रिस्टोअर करणाऱ्यांपुढे हेच माप प्रश्न होऊन उभे आहे. टॅक्सीचे इंजिन झिजले की बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकत. बोअर एका मिलिमीटरने वाढला तरी १०८९ चे ११२२ होतात. असा ब्लॉक पुन्हा मूळ मापावर आणायचा तर स्लीव्ह बसवून आत ६८ चा बोअर काढावा लागतो. खर्च आणि खटाटोप वाचवायला काही जण इंजिनच दुसरे घालतात. गाडी पळते, पण कूळ तुटते. पत्र्याचे काम त्या मानाने सोपे. फ्लोअर आणि दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या असतात, तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो.

केंद्राचे जुलै २०२१ चे नियम इंजिनालाही धरून आहेत. पन्नास वर्षे उलटलेली, व्यापारी वापरात नसलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली.