ड्रायव्हर उतरवला आणि ट्रक बोलू लागला

मायकेल बेचा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हा चित्रपट 2007 मध्ये आला, तेव्हा लहानपणी त्याच नावाचं कार्टून पाहिलेल्यांना पहिली काळजी होती आवाजाची. ट्रकचा यंत्रमानव होणारा नायक ऑप्टिमस प्राइम कार्टूनमधल्या पीटर कलनच्याच आवाजात बोलला, म्हणून बाकीचं बरंच खपून गेलं. त्याच्या सपाट तोंडाच्या ट्रकला लांब बॉनेट आलं, त्यावर ज्वाळा रंगवल्या. त्याचा साथीदार बंबलबी, त्याच्या पिवळ्या बीटलची कॅमेरो झाली. खलनायक मेगाट्रॉन मात्र पिस्तूल राहिलाच नाही, आणि ते अनेकांना झोंबलं.

त्या पिस्तुलाचं कूळ जपानात आहे. ताकारा कंपनीच्या तिथे दोन वेगळ्या मालिका होत्या. ‘डायाक्लोन’मध्ये 1982 पासून गाड्या आल्या: खऱ्या मोटारींच्या लहान प्रतिकृती, उलगडल्या की यंत्रमानव. तो चालवायला आत इंचभर उंचीचा ड्रायव्हर, त्याच्या पायांत लोहचुंबक. ‘मायक्रोमॅन’मधल्या पिस्तूल, कॅसेट, टेपरेकॉर्डर या वस्तू मात्र साधारण खऱ्याच मापाच्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्हीकडचा माल उचलला आणि 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या एकाच नावाखाली विकायला काढला. त्यामुळे कार्टूनमधला धिप्पाड मेगाट्रॉन आक्रसून साथीदाराच्या मुठीत मावायचा. कसा, ते विचारायचं नाही.

हॅस्ब्रोची खरी करामत म्हणजे तिने ड्रायव्हर काढून टाकला. यंत्रच जिवंत! गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. जिम शूटरने आराखडा आखला, बॉब बुडियान्स्कीने ऐन घाईत बहुतेकांना नावं नि स्वभाव दिले. ‘मेगाट्रॉन’ हे नाव हॅस्ब्रोला फार भीतिदायक वाटलं होतं; खलनायक भीतिदायकच हवा, असं बुडियान्स्कीचं उत्तर. कलनने ऑप्टिमससाठी आपला भाऊ लॅरी डोळ्यांपुढे ठेवला. व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या या भावाने त्याला बजावलं होतं, की खरा वीर आरडाओरडा करत नाही. ड्रायव्हर गोष्टीतून गेला, पण खेळण्यांमध्ये मात्र कित्येकदा त्याची रिकामी बैठक तशीच राहून गेली.

अमेरिकेत रेगन यांच्या काळात मुलांच्या कार्यक्रमांवरचे नियम सैल झाले, तेव्हाचं हे कार्टून म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरातच. कंपनीच्या लेखी ऑप्टिमस हा माल होता. नवा माल आणायचा, तर जुना हलवायला हवा. म्हणून 1986 च्या कार्टूनपटात त्याला मारून टाकलं. थिएटरात पोरं रडली. एवढा गहजब झाला, की हॅस्ब्रोच्याच ‘जी.आय. जो’च्या चित्रपटात नायक ड्यूकचा मृत्यू ऐन वेळी बेशुद्धीवर निभावला. ऑप्टिमसही 1987 मध्ये परत आला.

बेच्या चित्रपटासमोर अडचण होती ती आकारमानाची. आक्रसणं-फुगणं नको, असं ठरलं, म्हणून पिस्तूल बाद होऊन परग्रहावरचं विमान आलं. उंच ऑप्टिमसला पुरेल एवढा पत्रा हवा, म्हणून ट्रकही लांबला. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या कलावंतांनी त्याच्या संगणकीय देहात 10,108 भाग भरले. कौशल्य निर्विवाद, पण इतक्या भागांच्या गर्दीत दार कुठे गेलं, चाक कुठे वळलं, काही कळत नाही. खेळणं हातात धरलेल्या पोराला नेमकं तेच ठाऊक असायचं.

ट्रॅव्हिस नाइटच्या 2018 च्या ‘बंबलबी’ने ही कसर भरून काढली. कथा 1987 मधली, गाडी पुन्हा पिवळी बीटल, आणि तिची दारं उघडून पाठीवर पंखांसारखी बसतात, हे साध्या डोळ्यांना दिसतं.