व्यायाम-ॲप, ज्येष्ठांसाठी

साठीपुढील व्यक्तींना तोल, ताकद आणि चाल टिकवण्यासाठी घरच्या घरी व्यायाम सांगणारी व त्याची नोंद ठेवणारी मोबाइल-प्रणाली. ती ज्येष्ठांना सोबत बसवून घडवावी, असा अलीकडचा आग्रह. मुंबईतील चेंबूर परिसराचा या विषयाशी संबंध मुख्यतः देवनारमधील संस्थेमुळे येतो.

मोजमाप : देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने (स्था. १९५६) वार्धक्याची ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी हाती घेतली. पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जण होते. त्यांपैकी ३१,४६४ साठीचे व त्यापुढचे. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये निघाला. पाहणी नुसत्या प्रश्नावलीवर थांबली नाही. यंत्र दाबायला लावून हाताची पकड मोजली, चार मीटर नेहमीच्या चालीने चालवून वेळ मोजला, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभे केले. ॲपकर्त्यांना खरी उपयोगी सामग्री हीच. पावले मोजण्याचे कौतुक तुलनेने अवास्तव आहे.

आखणी : चाल आणि खुर्चीतून उठबस यांचा अंदाज फोनमधील त्वरणमापक देतो, पकडीचा देत नाही. शिवाय फोन खिशात आहे असे धरून गणित मांडलेले असते. पातळाला खिसा नसतो. फोन बटव्यात जातो, बटवा कमरेला, आणि आकडे बिघडतात. कॅमेऱ्याने हालचाल टिपायची तर माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत दिसावा लागतो. चेंबूरच्या टिळकनगरसारख्या वसाहतीतील जुन्या लहान खोलीत फोन तांब्याला टेकवून मागे सरकावे, तर पाठीला कपाट लागते. बहुतेक आराखडे खुर्ची गृहीत धरतात. मांडी घालून जेवणाऱ्याला जमिनीवरून हात न टेकता उठणे जास्त महत्त्वाचे वाटते. हे खोलीत बसून सुचत नाही. चेंबूरच्या डायमंड गार्डनमध्ये सकाळी फिरणाऱ्यांना विचारले तर कळते. भाषांतरित सूचनांतील ‘चल, ऊठ!’ आजोबांना खपत नाही, हा मुद्दा किरकोळ नव्हे.

परिणाम : मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील ‘स्टँडिंगटॉल’ या तोल-व्यायाम कार्यक्रमाची सत्तरीपुढील ५०३ जणांवर चाचणी झाली (प्रसिद्धी २०२१). बारा महिन्यांनी पडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही, चोवीस महिन्यांनी ते सुमारे १६ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते (२०२०). ते ॲपवरच व्हावेत असे मात्र ती म्हणत नाही.

योग : जागतिक आरोग्य संघटना व आयुष मंत्रालय यांचे ‘एम-योग’ हे ॲप (२१ जून २०२१) १२ ते ६५ वयोगटासाठी होते. म्हणजे ज्यांना गरज अधिक, तेच बाहेर.