जोड आणि मोल : कुस्तीच्या फडावरील एका जुन्या चर्चेविषयी

नगर जिल्ह्यात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. आरंभ रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होतो. लहान मुले मूठभर रेवड्यांसाठी, फार तर एखाद्या नारळासाठी झुंजतात. ऊन कलू लागते तसा इनामाचा आकडा चढतो, हलगीची लय बदलते आणि शेवटची मानाची कुस्ती लागेपर्यंत फडाभोवतीची माणसे दोनच गोष्टींवर बोलत राहतात. जोड बरोबरीची आहे का, आणि ती किती रुपयांवर ठरली? या बोलण्याला आपल्याकडे कोणी समीक्षा म्हणत नाही. तरीही जाणत्या प्रेक्षकाची विवेचकबुद्धी या दोन प्रश्नांत एकवटलेली असते, असे आम्हांस वाटते. पहिला प्रश्न गुणांचा आहे आणि दुसरा मोलाचा. या दोहोंचे नाते काळाबरोबर कसे बदलत गेले, हे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू.

'जोड' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. त्यात वजन आणि उंची तर येतेच. पण मल्ल कोणत्या वस्तादाच्या हाताखाली घडला, त्याचा हुकमी डाव कोणता, दम किती टिकतो, हेही येते. पट काढण्यात तरबेज असलेल्या मल्लासमोर ढाक मारणारा उभा राहिला, तर पहिल्याने वाकायचे की नाही, येथपासून तर्क सुरू होतात. मातीवर निकाल लागेपर्यंत झुंजण्याची जुनी रीत होती. तेथे दमाला महत्त्व होते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. त्यामुळे मातीवर भारी ठरणारी जोड गादीवर हलकी ठरू शकते. फडाच्या कडेला बसलेला शेतकरी हा फरक कोणत्याही परिभाषेवाचून अचूक सांगतो.

मोलाचा इतिहास मात्र दरबारापासून सुरू होतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना उदार आश्रय दिला. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोममधील क्रीडागाराच्या धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये खुले झाले. पंजाबातील नामांकित मल्लही त्या आश्रयाने कोल्हापुरात आले. मल्लाचा खुराक, निवास आणि प्रतिष्ठा या साऱ्यांचा भार राजा उचलीत असे, आणि मल्ल त्या राजाच्या नावाने लढे. हिंदुस्थानभर हीच रीत होती. १९१० मध्ये लंडनला स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी झुंजलेला गामा पुढे पतियाळा दरबाराचा मल्ल झाला आणि १९२८ मध्ये पतियाळातच त्याने झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले. या व्यवस्थेत लेखी करार नव्हता. राजाची मर्जी हाच करार, आणि ती फिरली की दाद मागण्यास जागा नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि मल्लाचा पोशिंदा नाहीसा झाला. या संधिकालाचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे. गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शिक्षकी पेशातील आम्हांस ती ऐकताना अभिमान वाटतो. पण इतिहास म्हणून पाहता ती अस्वस्थ करणारी आहे. जेथे व्यवस्था असावयास हवी, तेथे एका प्राध्यापकाचे घर उभे होते.

त्यानंतर दरबाराची जागा हळूहळू परिषदेने, साखर कारखान्यांनी, पुढाऱ्यांनी आणि सरकारी नोकरीने घेतली. १९६१ मध्ये औरंगाबाद येथे 'महाराष्ट्र केसरी' किताबाची पहिली लढत झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. या स्पर्धेने मल्लाला राजाऐवजी जिल्ह्याचे नाव दिले. वरवर पाहता ही लोकशाही रचना. परंतु तालीम एका गावी, जन्म दुसऱ्या आणि प्रतिनिधित्व तिसऱ्या, असे घडू लागले, तेव्हा जिल्ह्याचे नाव हाही एक प्रकारचा अलिखित करार झाला.

आपल्या जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांची उदाहरणे या दृष्टीने जोडीने पाहण्यासारखी आहेत. हर्षवर्धन सदगीर हा अकोले तालुक्यातील कोंभाळण्याचा. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात त्याने लातूरच्या शैलेश शेळकेचा ३-२ असा निसटता पराभव करून 'महाराष्ट्र केसरी' पटकावली. ही जोड विलक्षण होती. एक गादी विभागातून आलेला, दुसरा माती विभागातून. आणि दोघेही काका पवार यांच्याच तालमीचे. एकाने डाव टाकण्याआधी दुसऱ्याला तो ठाऊक! निकालानंतर विजेत्याने पराभूताला खांद्यावर उचलून घेतले, ते दृश्य पुष्कळांच्या स्मरणात असेल. मात्र जन्माने नगरचा असलेला हा मल्ल किताबाच्या यादीत नाशिकचा म्हणून नोंदला गेला.

दुसरा अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. त्याचे मोल आपणांस रुपयांत माहीत आहे. डिसेंबर २०२२ च्या लिलावात चेन्नईने त्याला पन्नास लाखांना घेतले. म्हणजे मूळ बोलीपेक्षा एक रुपयाही अधिक नाही. २०२३ च्या त्या हंगामात त्याने इतक्या वेगाने धावा काढल्या की संघ विजेता झाला आणि भारताच्या कसोटी संघाचे दारही त्याला पुन्हा उघडले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात आरंभी त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. नंतर कोलकात्याने दीड कोटींना घेतले आणि कर्णधार केले. लिलाव ही गोष्ट अनेकांना अशोभनीय वाटते. माणसांची बोली लागते, हे शब्द कानाला टोचतातही. तथापि त्यात एक सोय आहे. आकडा सर्वांसमोर असतो, त्यामुळे 'याला कमी दिले' असे चाहता पुराव्यानिशी म्हणू शकतो. सदगीरच्या खुराकाचा खर्च कोणी उचलला, कोणत्या अटीवर उचलला, याची चर्चा फडाभोवती झाली तरी ती कुजबुजीच्या स्वरूपात होते. किताबाच्या यादीत वर्ष, गाव आणि विजेत्याचे नाव एवढेच उरते.

मोल अंधारात राहिले की त्याचा ताण जोडीच्या निकालावर येतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर हे आपण प्रत्यक्ष पाहिले. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय झाला. राक्षे पूर्वीचा महाराष्ट्र केसरी; मूळचा पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याचा, पण नांदेडच्या नावाने लढणारा. आपली पाठ टेकलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पंचांना लाथ मारली आणि मैदानावर गोंधळ माजला. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर नाराज होऊन कुस्ती अर्धवट सोडून गेला. मोहोळ विजयी ठरला, मानाच्या गदेसह चारचाकी गाडीचा मानकरी झाला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली.

त्या आठवड्यात आमच्या वर्गात दुसरा विषय निघत नव्हता. दोन्ही खांदे एकाच क्षणी टेकले का, यावर विद्यार्थी चित्रफीत थांबवून थांबवून वाद घालीत होते. कवितेच्या एका ओळीवर त्यांनी इतका वेळ दिला असता तर, असा शिक्षकी विचार मनात आलाच. पण नीट ऐकल्यावर जाणवले की ते करीत होते ते संहितेचे वाचनच होते. पुरावा कोणता, तो कोणत्या कोनातून घेतला, पंच कोठे उभे होते, नियमाचा शब्द काय, असेच प्रश्न ते विचारीत होते. लाथेचे समर्थन त्यांपैकी कोणी केले नाही. मात्र एका मुलाने विचारले, "सर, एवढी वर्षं तालमीत घालवलेल्या माणसानं तिथं दाद मागायची कोणाकडं?" हा मुलगा स्वतः तालमीत जातो. त्याच्या प्रश्नाला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही.

गदा एकाच खांद्यावर जाते. चीत झालेल्याच्या हाती परतीचा प्रवास, वयाचे एक सरलेले वर्ष आणि खुराकाची उधारी राहते. दरबार गेला, लिलाव आला, बक्षिसाची गाडी आली. परंतु मल्लाशी लेखी, उघड आणि न्याय्य करार करण्याची रीत अद्याप आपल्या मातीत रुजलेली नाही. ती रुजेपर्यंत हगाम्याच्या कडेला बसून जोड आणि मोल यांचा काथ्याकूट करणारी माणसेच या खेळाचे बखरकार आहेत. त्यांच्या बोलण्याकडे रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणून पाहू नये. पुढील यात्रेत वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावे, एवढेच आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले आहे.