खतावरची निशाणी आणि कायद्यातील संमती

१ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आलेल्या भारतीय करार कायद्याने संमतीची व्याख्या मोजक्या शब्दांत केली : दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. ती मुक्तही असली पाहिजे. म्हणजे जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांपैकी कशामुळेही मिळालेली नसावी. जबरदस्ती, कपट वा अनुचित प्रभावाने संमती मिळवली असेल, तर करार आपोआप शून्य होत नाही. तो रद्द करून घेण्याचा अधिकार फसलेल्या पक्षाला मिळतो.

परंतु त्याच दशकात दख्खनच्या गावांत या व्याख्येचा उपयोग फारसा होत नव्हता. निरक्षर कुणबी सावकाराने लिहिलेल्या खतावर नांगराची निशाणी करी आणि न्यायालय त्या निशाणीलाच पुरावा मानी; हाती प्रत्यक्ष किती रक्कम पडली, व्याज आधीच कापले होते काय, आतला मजकूर कोणी वाचून दाखवला काय, हे विचारले जात नसे. त्यात भर म्हणजे १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातल्यामुळे, मुदत संपण्याआधी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि दर नव्या निशाणीबरोबर कर्ज वाढत गेले. ज्याला बियाण्यासाठी आणि सरकारी साऱ्यासाठी त्याच सावकाराच्या दारात पुन्हा उभे राहायचे आहे, त्याने ‘नाही’ म्हणावे तरी कसे? अशा निशाणीला मुक्त संमती म्हणणे हा उघड अन्याय होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, तेव्हा लोकांनी मुख्यतः खते आणि कर्जरोखेच मागून घेऊन जाळले. ते मुकाट्याने मिळाले तेथे हिंसा क्वचितच झाली. आपले नुकसान कोठे लिहिलेले आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

या उठावाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, तसेच शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, मोठ्याने वाचले जावे आणि त्याला ते समजल्याची खात्री करून घ्यावी, असे बंधन घातले. करारस्वातंत्र्यावर श्रद्धा असलेल्या त्या काळात हे पाऊल धाडसाचेच होते.

सर्वसाधारण कायद्याला या जाणिवेपर्यंत यायला आणखी वीस वर्षे लागली. करार कायद्याच्या १८९९च्या दुरुस्तीनंतर, वरचढ पक्षाने केलेला व्यवहार दिसताक्षणी अन्यायकारक वाटत असेल, तर तो अनुचित प्रभावाने घडलेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पक्षावरच आली. अनुचित प्रभावाच्या या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत गावच्या सावकाराचा आधीच ऋणी असलेला माणूस जाचक अटींवर नवे कर्ज घेतो, असे एक उदाहरण असून ते आजही कायद्यात कायम आहे.